हुशारी यंत्राची, शहाणपण कोणाचे?



'स्मार्ट' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे, की तो बाहेरून आलेला आहे याची आठवण करून द्यावी लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो माणसांपुरताच वापरला जात असे. नीटनेटका पोशाख करणाऱ्या, चटपटीत बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लोक 'स्मार्ट' म्हणत. आज फोन स्मार्ट आहे, विजेचा मीटर स्मार्ट आहे, वर्गातील फळा स्मार्ट आहे आणि शहरेही स्मार्ट होऊ घातली आहेत. भाषेचे अभ्यासक म्हणून तुम्ही या शब्दाला मराठी पर्याय शोधू लागलात, तर 'हुशार' आणि 'शहाणा' हे दोन शब्द प्रथम आठवतील. व्यवहारात आपण ते एकमेकांऐवजी वापरतो. पण त्यांच्या अर्थांत अंतर आहे. हिशेब झटकन करणारा तो हुशार. तो हिशेब कोणाच्या हिताचा आहे, हे ओळखणारा तो शहाणा. या लेखातील माझे मत याच अंतरावर उभे आहे. आपल्या अवतीभवतीची यंत्रे हुशार झाली आहेत. त्यांना लागणारे शहाणपण पुरवण्याचे काम समाजाचे आणि शासनाचे आहे, आणि त्या कामात आपण मागे पडलो आहोत.

हा विचार मी महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या आधारे मांडणार आहे. या निवडीला कारण आहे. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. महाडला औद्योगिक वसाहत आहे, महाविद्यालये आहेत, गजबजलेली बाजारपेठ आहे. त्याच वेळी महामार्ग सोडून सह्याद्रीच्या दिशेने काही मैल आत गेले, की डोंगरउतारावर वसलेल्या वाड्या लागतात. तेथे फोनवर बोलायचे तर अंगणाचा अमुक कोपरा किंवा टेकाडावरचा अमुक दगड गाठावा लागतो. नव्या तंत्रज्ञानाने सर्वांत जवळ आलेले जग आणि त्याच्यापासून अजून दूर राहिलेले जग येथे एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच कुटुंबात आढळते.

प्रथम जे मिळाले आहे, त्याचा मोकळेपणाने स्वीकार करू. या भागातील असंख्य घरांचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीला राहिला. गावाकडे राहिलेल्या माणसांना त्याची खबर मिळे ती पोस्टमनकडून, गावी परतणाऱ्या शेजाऱ्याकडून किंवा एस.टी.ने आलेल्या पाहुण्याकडून. 'सांगावा' हा आपल्या भाषेतील सुंदर शब्द याच जगण्यातून आलेला आहे. सांगावा धाडायचा म्हणजे कोणा माणसावर विश्वास टाकायचा आणि त्याच्या पोहोचण्याची वाट पाहायची. पैसेही तसेच येत. मनीऑर्डर आली, की त्या महिन्याची चूल निर्धास्त होई. लांबली, की दुकानदाराच्या वहीत उधारी वाढे. आज मुंबईतील मुलगा फोनवरून आईच्या खात्यात क्षणात पैसे पाठवतो. एकात्मिक देयक प्रणाली, म्हणजेच यूपीआय, 2016 मध्ये सुरू झाली. आता महाडच्या बाजारात भाजीच्या टोपलीशेजारीही तिचा चौकोनी ठसा दिसतो. आजी नातवाचा चेहरा पाहत बोलते. सांगावा गेला याची हुरहूर वाटणे स्वाभाविक आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून आठ दिवस उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईला ती हुरहूर परवडत नव्हती, हेही आपण विसरू नये.

जमिनीच्या कागदपत्रांतही असाच बदल झाला. सातबारा उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सजेचे हेलपाटे घालणे, ते भेटले नाहीत तर एक दिवसाची मजुरी बुडवून परत येणे, हा शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव होता. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर किंवा फोनवर मिळतो. मधल्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहणे कमी झाले. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

मात्र याच सातबाऱ्याच्या पुढच्या पायरीवर अडचण सुरू होते. 2021 पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' आली. आपल्या शेतात कोणते पीक आहे, याची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोनवर छायाचित्र काढून करावयाची. कल्पना चांगली आहे. शेतकऱ्याच्या शेताबद्दल शेतकऱ्यानेच सांगावे, यात त्याचा मान आहे. परंतु महाड-पोलादपूरकडील शेत कसे असते ते पाहा. भाताची खाचरे तुकड्यातुकड्यांनी पसरलेली, नाचणी-वरीची जमीन डोंगरउतारावर, आणि एकेका सातबाऱ्यावर चुलते, पुतणे, आत्या अशी कितीतरी नावे. त्यांतील बरीच माणसे मुंबई-ठाण्यात. प्रत्यक्ष शेत कसणारा असतो गावी राहिलेला साठी ओलांडलेला एखादा भाऊ. त्याच्याकडे साधा फोन असतो. किंवा स्मार्टफोन असला तरी रेंज नसते. छायाचित्र साठवून ठेवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते हे खरे. पण ते माहीत असायला हवे, आणि करून दाखवणारा कोणी जवळ हवा. नोंद झाली नाही तर कागदावर ते शेत रिकामे राहते. पीक उभे असते आणि नोंदीत नसते. पुढे अतिवृष्टीने नुकसान झाले, की भरपाई मागताना या रिकाम्या रकान्याचीच अडचण होते.

येथे 'अंगठा' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अंगठा उठवणे ही आपल्याकडे निरक्षरतेची खूण होती. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई, आणि साक्षरतेच्या चळवळींनी लोकांना अंगठ्याकडून सहीकडे आणण्यासाठी कष्ट घेतले. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून अंगठ्याचा अर्थ पालटला. आता पदवीधर आणि निरक्षर दोघेही यंत्रावर अंगठा ठेवून आपण कोण आहोत ते सिद्ध करतात. एका अर्थी ही समताच आहे. पण जन्मभर लावणी केलेल्या, दगड वाहिलेल्या, लाकूड तोडलेल्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातील यंत्र कार्यालयात बसणाऱ्याचा अंगठा चटकन ओळखते आणि श्रम करणाऱ्याच्या अंगठ्याशी अडखळते. यंत्राचा यात आकस नाही. त्याला जे दिसत नाही, ते दिसत नाही. अशा वेळी 'ही बाई आमच्या गावची आहे, मी हिला ओळखतो' असे सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाला व्यवस्थेत काही किंमत उरली आहे का, हा खरा प्रश्न आहे. पर्यायी ओळखीची तरतूद नियमांत असते. पण दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या वृद्धेला ती सांगणार कोण?

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. 2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली, तेव्हा खेडोपाडी स्त्रियांनी आधारशी जोडलेल्या बँक खात्यासाठी रांगा लावल्या. अनेकींच्या नावाने प्रथमच नियमित रक्कम जमा होऊ लागली. परंतु खाते बाईचे असले, तरी त्याला जोडलेला फोन कित्येकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ओटीपी त्या फोनवर येतो. तिजोरी तिची आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था. तंत्रज्ञान घरात शिरते, तेव्हा घरातील आधीच्या सत्तासंबंधांच्या वाटेनेच शिरते. ते संबंध बदलण्याची ताकद त्यात असू शकते. पण ती आपोआप वापरली जात नाही. फसवणूक करणारेही हीच कच्ची जागा हेरतात. खात्याची पडताळणी करायची आहे असे सांगून ओटीपी विचारणारा आवाज गोड असतो आणि अधिकाराचाही असतो. अशा फसवणुकीची तक्रार ताबडतोब 1930 या क्रमांकावर करता येते, ही माहिती तुमच्या वाडीतील किती घरांत आहे, याचा विचार करा.

आतापर्यंत आपण सोयी-गैरसोयींबद्दल बोललो. या दोन तालुक्यांत मात्र तंत्रज्ञानाचा प्रश्न थेट जगण्या-मरण्याशी येऊन भिडतो. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्यांसह इतर वाहने अंधारात नदीत कोसळली. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुराने वेढलेले असताना तळिये येथील वाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे दगावली.

तळियेच्या त्या दिवसाकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा. तोवर स्मार्टफोन खेडोपाडी पोहोचले होते. हवामान खात्याचे इशारे होते, उपग्रहांची चित्रे होती. तरीही पुरामुळे वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते पाण्याखाली गेले, आणि एका वाडीवर काय गुदरले ते बाहेर कळण्यास आणि मदत पोहोचण्यास मोलाचे तास गेले. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली, की तो बॅटरीवर किंवा डिझेलवर काही काळ तग धरतो आणि मग मुका होतो. म्हणजे ज्या वेळी संपर्काची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी तो तुटतो. 2023 मध्ये देशभर एका नव्या इशारा-पद्धतीच्या चाचण्या झाल्या. फोन एकाएकी मोठ्याने वाजून त्यावर चाचणीचा संदेश उमटलेला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एखाद्या भागातील मनोऱ्यांच्या कक्षेत असलेल्या सर्व फोनांवर, कोणाचाही क्रमांक ठाऊक नसताना, एकाच वेळी इशारा देण्याची ही सोय आहे. ती अतिशय उपयुक्त आहे. पण मनोराच बंद असेल, तर तिचाही आवाज फुटणार नाही.

दुसरी गोष्ट इशाऱ्याच्या नेमकेपणाची. 'रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट' असा संदेश येतो, तेव्हा त्यात उरणचा किनारा असतो आणि पोलादपूरचा घाटही असतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. जुलै 2021 च्या त्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 500 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. माथ्यावरचे ते पाणी काही तासांत पायथ्याशी येते, आणि समुद्राला भरती असेल तर महाडला तुंबते. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात आहे आणि महाड रायगड जिल्ह्यात. नदीला ही सीमा ठाऊक नाही. माथ्यावरील पर्जन्यमापकाचा आकडा पायथ्याच्या बाजारपेठेत वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोहोचणे, हे खरे स्मार्ट तंत्रज्ञान. त्यासाठी लागणारी यंत्रे फार महाग नाहीत. त्यासाठी दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलण्याची सवय लागते.

आणि मग माणूस लागतो. 2016 च्या त्या रात्री पूल नाहीसा झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते पुलाजवळ काम करणाऱ्या एका साध्या माणसाच्या. त्याने मागून येणारी वाहने थांबवण्याची धडपड केली आणि खबर दिली. जमिनीला भेगा पडणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे ही दरडीची पूर्वचिन्हे डोंगरात राहणाऱ्या माणसालाच आधी दिसतात. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडीचा गुण असा, की ती ऐकण्यासाठी ऐकणाऱ्याजवळ कोणतेही साधन असावे लागत नसे. आजच्या गावाच्या व्हॉट्सॲप समूहाला दवंडीची गती आहे. पण ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यापर्यंत ती जात नाही, आणि शंभर शुभप्रभातींच्या गर्दीत एखादा खरा इशारा हरवून जातो. म्हणून मला वाटते, की प्रत्येक दरडप्रवण वाडीत संदेश मिळताच घरोघर जाऊन सांगणारी, नेमून दिलेली, प्रशिक्षित माणसे हवीत. विजेवाचून वाजणारा भोंगा हवा. कोणत्या घराने कोठे जायचे, हे पावसाळ्याआधी ठरलेले हवे. हे सारे जुनाट वाटेल. पण नव्या यंत्राचे शेवटचे शंभर पाऊल अजून माणसालाच चालावे लागते.

या मतावर एक आक्षेप घेतला जातो. 'ही अडचण एका पिढीपुरती आहे. आजची मुले जन्मतः फोन हाताळतात. आणखी वीस वर्षांनी हा प्रश्नच राहणार नाही.' मला हा आक्षेप मान्य नाही. पहिले कारण असे, की आज हयात असलेल्या माणसाला वीस वर्षे थांबा असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याचे रेशन याच महिन्याचे आहे. दुसरे कारण असे, की तंत्रज्ञान थांबत नाही. आजचा तरबेज तरुण उद्याच्या नव्या यंत्रापुढे पुन्हा अडाणी ठरू शकतो. मागे राहिलेल्यांसाठी दार उघडे ठेवण्याची सवय आपण आज लावून घेतली नाही, तर उद्या त्या दाराबाहेर आपणच उभे असू.

महाडचा विचार करताना चवदार तळ्याकडे वळावेच लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट 1923 मध्ये संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. प्रत्यक्षात त्यानंतरही कोणाला पाण्यापर्यंत जाता आले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यानंतरही न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला. जातीच्या क्रौर्याची आणि फोनच्या गैरसोयीची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. ती तुलना करणे अनुचित होईल. पण त्या इतिहासाने शिकवलेला एक धडा येथे लागू पडतो. एखादी गोष्ट खुली आहे असे जाहीर होणे वेगळे आणि माणूस तिच्यापर्यंत पोहोचणे वेगळे. 'सेवा ऑनलाइन उपलब्ध आहे' हे वाक्य आज आपण फार लवकर समाधानाने उच्चारतो. त्यापुढचा प्रश्न, 'किती जणांना ती मिळाली?', विचारायला हवा.

तुम्ही हा प्रश्न विचारण्याच्या विशेष जागी आहात. तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी कारखान्यात पाळी करते, कोणी संसार सांभाळून रात्री पुस्तक उघडते. दुरून शिकण्याची ही सोय तुम्ही कष्टाने मिळवली आहे. प्रवेशाचा आणि परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरताना रेंजसाठी केलेली धावपळ तुम्हांला ठाऊक असेल. आणि त्याच फोनमुळे घरापासून दूर न जाता पदवीपर्यंत येता आले, हेही तुम्ही जाणता. यंत्राचे दोन्ही चेहरे तुम्ही पाहिले आहेत. म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे.

या आठवड्यात एक काम करून पाहा. तुमच्या वाडीतील किंवा आळीतील दहा घरांत जा. कोणाच्या नावावर फोन आहे, ओटीपी कोणाच्या हाती येतो, पिकाची नोंद झाली आहे का, पावसाळ्यात वीज गेल्यावर इशारा कसा पोहोचेल, एवढे चारच प्रश्न विचारा. उत्तरे साध्या मराठीत लिहून काढा, घरांची नावे न घालता, आणि ती टिपणे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. भाषेच्या शिक्षणाचा उपयोग काय, असे तुम्हांला कोणी विचारत असेल, तर त्या दिवशी तुमच्यापाशी उत्तर असेल. यंत्राला जे दिसत नाही, ते शब्दांत मांडून चारचौघांसमोर ठेवता येणे, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.